या, दार उघडंच आहे

आधीच सांगून टाकते. हे खरं आहे.

माझ्या मैत्रिणी म्हणतील, रुचा सांगते म्हणजे त्यात मीठमसाला असणारच. असतो. पण यात नाही. उलट यात मी थोडं कमीच सांगणार आहे, कारण काही गोष्टी लिहिताना अजून मान आपोआप मागे वळते.

३१ ऑक्टोबर २००५. सोमवार. नॉर्थ कॅरोलायनातलं कॅरी. आमचं राहतं घर.

मध्यरात्र वगैरे नव्हती. संध्याकाळचे सहा वाजले होते. पण आदल्याच दिवशी घड्याळं एक तास मागे गेली होती, त्यामुळे सहालाच मिट्ट काळोख.

दुसऱ्या दिवशी पहाटे नरकचतुर्दशीची आंघोळ, आणि त्या संध्याकाळी रस्त्यावर हॅलोविनची पोरं. आमच्या पोर्चवर आकाशकंदील आणि समोरच्यांच्या पोर्चवर प्लास्टिकचा सांगाडा. कॅरीत हे सगळं एकत्र चालतं.

पण त्याआधी मी कोण ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

अकरा वर्षांची होईपर्यंत मी चिपळूणला होते. मग बाबांना इथे आयटीत नोकरी लागली आणि मी थेट अशा शाळेत येऊन पडले, जिथे माझं नावसुद्धा कोणाला धड घेता येईना. चार वर्षं मी वर्गात तोंड उघडलं नाही. आई म्हणायची, "घरात एवढी बडबड करतेस, ती जरा दप्तरात भरून ने की."

दहावीत ते बदललं. इंग्लिशच्या तासाला जुन्या इंग्लंडवर प्रेझेंटेशन होतं, आणि मी विषय घेतला एल्व्ह्ज.

ते सांताक्लॉजचे टोपीवाले बुटके नव्हेत. हजार वर्षांपूर्वीचे. माणसाएवढे, दिसायला देखणे आणि बहुतेक वेळा न दिसणारे. धडधाकट माणसाच्या कुशीत एकदम कळ आली की तिथले लोक म्हणायचे, एल्फने बाण मारला. जखम नाही, रक्त नाही, नुसती कळ. त्यावर मंत्र होते. पाला लोण्यात उकळून औषध करायचे. आणि तिकडे नॉर्वेच्या बाजूला म्हणायचे की ते जमिनीच्या उंचवट्यांत राहतात. हिवाळ्याच्या तोंडावर घरोघरी त्यांचा मान द्यायचे, आणि त्या संध्याकाळी परक्या माणसाला घरात घ्यायचे नाहीत. राजाच्या माणसांनासुद्धा दारातूनच परतवून लावल्याची एक जुनी गोष्ट आहे.

बाबा माझी रिहर्सल ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे आपल्याकडचे राखणदारच की. फक्त गोरे."

मी वर्गात बाण लागल्याची ॲक्टिंग केली, जमिनीवर कोसळले, आख्खा वर्ग हसला, आणि मला ए मिळाला. त्या दिवसापासून मी गप्प बसलेली नाही.

आता घराबद्दल. ते आम्ही त्याच उन्हाळ्यात घेतलं होतं. मागच्या अंगणात, पाईनच्या झाडांखाली, एक उंचवटा होता. घुमटासारखा गोल. माझ्या कमरेएवढा असेल. त्याच्यावरचं गवत बाकीच्या लॉनपेक्षा बारीक आणि मऊ होतं.

शेजारी हॅल्वर्सन आजी राहायची. ऐंशीच्या पुढची. मिनेसोटातल्या शेतावर वाढलेली, आईवडील नॉर्वेचे. कुंपणाशी उभी राहून ती माझ्याशी तासन्‌तास बोलायची. तिलाही मी प्रेझेंटेशन ऐकवलं, ॲक्टिंगसकट.

ती हसली नाही.

"आणि ते आत आले, तर त्यांना परत कसं पाठवायचं?" तिने विचारलं.

"ते पुस्तकात नव्हतं."

"नसणारच," ती म्हणाली. "आत घेतलंच नाही, तर परत पाठवायची वेळ कशाला येईल?"

मग ती घरात गेली आणि एक लाकडी वाडगा घेऊन आली. नातीच्या लग्नासाठी ती मिनेसोटाला चालली होती. ऑक्टोबरच्या शेवटच्या संध्याकाळी ती दरवर्षी त्या उंचवट्यावर हा वाडगा ठेवायची. दुधात शिजवलेला मऊ भात आणि मधोमध लोणी. आमच्या आधीच्या घरमालकांनी कधी हरकत घेतली नव्हती.

"यंदा तू ठेवशील? आणि त्या संध्याकाळी मागचं दार लावून घ्या. कोणी आलं तरी आत बोलवायचं नाही."

मी हो म्हटलं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "हा तर आपला दूधभात. ठेवू की, त्यात काय."

बाबा म्हणाले, "सोसायटीचे नियम कमी होते, त्यात आता यांचे."

पण एक गोष्ट हॅल्वर्सन आजीने सांगितली नव्हती. उंचवट्यावर किल्ला करू नका, असं ती म्हणाली नव्हती.

कोण म्हणेल? तिने आयुष्यात कधी दिवाळीचा किल्ला पाहिलाच नव्हता.

त्या वर्षी महाराष्ट्र मंडळाच्या सरलामावशीने किल्ल्यांची स्पर्धा ठेवली होती. बाबांनी मागचं अंगण बघितलं आणि त्यांचे डोळेच चमकले. "रुचा, निम्मा किल्ला आयताच तयार आहे."

इथली माती लालभडक. चिकट. हात लावला की चिपळूणची आठवण यावी अशी. आम्ही शनिवारी उंचवट्याच्या कडेने माती उकरली आणि तीच वर थापून तट केले, बुरूज केले. पायथ्याशी एक गुहा कोरली आणि तिच्यात वाघ बसवला. आत्याने चिपळूणहून पाठवलेले मावळे बुरजांवर उभे केले, सगळे बाहेर तोंड करून, पहाऱ्याला. वरून अळीव पेरलं. बाबा इतके खूश होते की जेवायलासुद्धा येईनात.

रविवारी सकाळी मी बघायला गेले.

अळीव उगवलं होतं. एका रात्रीत.

पण सगळीकडे नाही. फक्त एका गोल रेघेत, किल्ल्याभोवती, कंपासने काढल्यासारखं.

आणि मावळे...

सगळे मावळे आत तोंड करून उभे होते.

"खार असेल," बाबा म्हणाले.

"खारीने एकूणएक मावळे वळवले? आणि एकही पाडला नाही?"

"अमेरिकन खार आहे. डिसिप्लिन असते."

मी हसले. मावळे परत बाहेर वळवले. तेव्हा लक्षात आलं की किड्यांची किरकिर ऐकू येत नाहीये. कुंपणापलीकडे येत होती. आमच्या अंगणात नाही.

आणि दुसराच एक आवाज येत होता. अगदी हलका.

थप... थप... थप...

आम्ही आदल्या दिवशी ओली माती तळव्याने थापत होतो ना, तसाच.

आवाज गुहेतून येत होता.

मी कोणालाच सांगितलं नाही. काय सांगणार? एल्व्ह्जचं प्रेझेंटेशन करून ए मिळवलेली मुलगी, तिला आता एल्व्ह्ज ऐकू येतात?

आता ती सोमवारची संध्याकाळ.

बाबा ऑफिसमधून लवकर आले. पुढच्या दाराला पोरांची रांग, मी चॉकलेटं वाटत होते. आई स्वयंपाकघरात चकल्या तळत होती. बाबा म्हणाले, "किल्ल्यावर पहिली पणती लावून येतो," आणि मागच्या दाराने गेले.

मग बाबांचा आवाज आला. ओरडणं नव्हतं ते. कोणीतरी आतला सगळा श्वास एकदम काढून घ्यावा, तसा.

आम्ही धावत गेलो. बाबा किल्ल्यासमोर गुडघ्यांवर होते. हातात काडेपेटी तशीच. पणती विझलेली.

"कुशीत..." ते म्हणाले. "कोणीतरी... खुपसलं..."

आईने आणि मी त्यांना कसंबसं आत आणलं आणि हॉलमध्ये गालिच्यावर पालथं झोपवलं. शर्ट वर करून पाहिलं. काहीच नव्हतं. ओरखडासुद्धा नाही.

"उसण भरली आहे," आई म्हणाली. "रुचा, पाय लाव."

हे सांगायला हवं. मी पायाळू आहे. जन्मताना डोक्याऐवजी माझे पाय आधी आले. पायाळू माणसाने पाठीला पाय लावला की उसण उतरते, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत. मंडळाच्या पिकनिकला सगळे काका गवतावर ओळीने पालथे पडतात आणि मी एकेकाच्या पाठीला पाय लावत जाते. पलीकडच्या सोसायटीत राहणारे अरुणकाका स्वतः डॉक्टर आहेत, तेही पडतात. वर म्हणतात, "माझ्या पेशंटना सांगू नकोस हं."

आणि उतरते. दरवेळी.

मी डावा पाय बाबांच्या कुशीवर ठेवला.

आणि झटकन मागे घेतला.

आत काहीतरी होतं. बारीक, टोकदार, बर्फासारखं गार. त्यांच्या कातडीच्या आत. ते हललं.

बाबांचे ओठ निळसर दिसायला लागले होते. श्वास अर्धाच आत जात होता. आईने अरुणकाकांना फोन लावला. ते म्हणाले, निघालोच, दहा मिनिटांत येतो, पण श्वास आणखी अडकला तर वाट बघू नका, सरळ नाइन-वन-वन करा. आई बाबांच्या उशाशी बसली. फोन तिने कानाला तसाच धरून ठेवला होता.

मला वर्गात मीच केलेली ॲक्टिंग आठवली. सगळे हसले होते ती.

मी उठले. आईने आजीच्या वाडग्यात दूधभात काढून ठेवला होता, वर लोण्याचा गोळा. तो घेतला आणि मागच्या दाराने बाहेर गेले. "रुचा, कुठे चाललीस?" आईने विचारलं. मी थांबले नाही. दारही लावलं नाही.

बाहेर काहीच आवाज नव्हता. रस्त्यावर इतकी पोरं होती, पण एकाचाही नाही. कानात कापूस घातल्यासारखं.

मावळे परत आत तोंड करून उभे होते.

मी किल्ला मोडला. दोन्ही हातांनी. बुरूज, तट, सगळं. माती जिथून उकरली होती तिथे परत लोटली. मी मोठ्याने बोलत होते, मराठीतच, दुसरं काही सुचेना. "चुकलं आमचं. आम्हाला माहीत नव्हतं. बाबांना सोडा."

गुहा उरली होती. वाघ काढायला मी हात आत घातला. आम्ही गुहा वीतभरच कोरली होती.

हात कोपरापर्यंत गेला.

मग खांद्यापर्यंत.

आत माती नव्हतीच. ऊब होती. मोठ्या खोलीत असते तशी, माणसं बसलेली असतात त्या खोलीत.

आणि माझ्या तळव्यावर कोणीतरी हळूच थोपटलं.

थप... थप... थप...

मी हात कसा काढला आठवत नाही. वाडगा ठेवला आणि पळाले. अंगण तेवढंच होतं, पण संपेना.

घरात शिरले, मागचं दार ढकललं. ते लागलं की नाही, बघितलं नाही. बाबा तसेच पालथे. आई म्हणाली, "परत पाय लाव. लाव गं, घाबरू नकोस."

मी पाय ठेवला.

तेवढ्यात मागच्या दारावर थाप पडली.

थप... थप... थप...

तळव्याने. सावकाश. मी तो आवाज ओळखला. तोंड उघडलं, आईला गप्प करायला. पण मला उशीर झाला.

अरुणकाका नेहमी मागच्याच दाराने येतात. आणि दारात कोणी आलं, त्यातून दिवाळीत, तर आमच्या आईच्या तोंडून एकच गोष्ट निघते. विचार न करता निघते. तिच्या आईच्याही तोंडून निघायची.

"या ना भाऊजी, आत या. दार उघडंच आहे."

दार उघडल्याचा आवाज आला.

मग लागल्याचा.

आणि त्याच क्षणी आईच्या कानाजवळचा फोन खरखरला. मला पलीकडचं स्पष्ट ऐकू आलं. अरुणकाकांचा आवाज. "वहिनी, मी अजून गाडीतच आहे. सगळ्या रस्त्यांवर पोरं आहेत, हळू चालवतोय. श्वास कसा आहे त्याचा?"



आई माझ्या मागे बघत होती.

मी वळले नाही. खरं सांगते, वळता आलंच नाही. मानेवर गार हवा आली आणि ओल्या मातीचा वास. माझ्या पायाखाली ती बारीक टोकदार वस्तू सरकली, वर वर आली, कोणीतरी काटा काढावा तशी अलगद...

आणि नाहीशी झाली.

बाबांनी मोठा श्वास घेतला. मग आणखी एक. मग उठून बसले आणि म्हणाले, "चकल्या जळतायत."

खरंच जळत होत्या.

अरुणकाका आले तेव्हा बाबा चहा पीत होते. काकांनी तपासलं, दुसऱ्या दिवशी सगळ्या टेस्ट करायला लावल्या. सगळं नॉर्मल. "पायाळूचा गुण," काका हसून म्हणाले. कोणीच हसलं नाही.

"तू काय बघितलंस?" मी आईला नंतर विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "तुझ्यामागे कोणीच नव्हतं." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण दिव्याचा उजेड तिथून पुढे येत नव्हता."

रात्री कोणी फारसं झोपलं नाही. पहाटे बाबांची आंघोळ झाली, उटण्याचा वास घरभर होता. आईला जरा बरं वाटायला लागलं होतं. ती रांगोळी घेऊन पुढच्या पायरीवर गेली.

आणि तिने मला हाक मारली. अगदी हळू.

पायरीवर एक घर होतं.

लाल मातीचं. ओलं. हातभर लांबीचं.

आमचं घर. आमचं गॅरेज, आमची पुढची पायरी, मागचं दार. छप्पर नव्हतं, त्यामुळे आतलं सगळं दिसत होतं. हॉलमध्ये मातीची माणसं होती, अंगठ्याएवढी. एक पालथं झोपलेलं. एक त्याच्या उशाशी, हात कानाला लावून. एक उभं, डावा पाय झोपलेल्याच्या कुशीवर.



आम्ही त्यांच्या घरावर किल्ला केला होता. त्यांनी आमचं घर केलं होतं. आमचा वाघ त्याच्या मागच्या दारात बसवला होता. तोंड आत.

आणि चौथं माणूस होतं.

ते माझ्यामागे उभं होतं. सगळ्यांपेक्षा उंच. त्याचा हात माझ्या खांद्यावरून पुढे आलेला, आणि दोन बोटांत पाईनच्या काडीचा एक बारीक टोकदार तुकडा धरलेला.

बाबा म्हणाले, "मोडून टाकू."

आई म्हणाली, "एकदा त्यांचं मोडलंत ना? पुरे."

तिने ते पाटावर उचलून गॅरेजमध्ये ठेवलं. स्पर्धेतून आम्ही नाव काढून घेतलं. सरलामावशी अजून रागावलेली आहे.

दोन आठवड्यांनी हॅल्वर्सन आजी आली. मी कुंपणाशी गेले. तिने पहिलं विचारलं, "दार बंद ठेवलंत ना?"

मी सगळं सांगितलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्यावरून आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत होती. बराच वेळ.

"तुझी आई घरात एकटीच आहे?"

"आई बाजारात गेलीय," मी म्हटलं. "घरात कोणीच नाही."

आजीने मान हलवली. त्या दिवसापासून तिने आमच्या घरात पाऊल टाकलेलं नाही. कुकीज कुंपणावरूनच देते.

याला आता दोन वर्षं होत आली. मी बारावीत आहे. बाबांना त्यानंतर साधी सर्दीसुद्धा झालेली नाही. कोणालाच नाही. आई सणाच्या दिवशी चार पानं वाढते. मी एकदा म्हटलं, त्याला जा म्हणून सांगू या. तर ती म्हणाली, "आपणच या म्हटलंय. त्याने यांचा जीव वाचवला. आता जा कुठल्या तोंडाने म्हणू?"

मला ते पटतं. आणि झोप येत नाही.

कारण गॅरेजमधलं ते घर. मी रोज बघते. चौथं माणूस पहिल्या वर्षी हॉलमध्येच होतं. मग जिन्याच्या खालच्या पायरीशी दिसायला लागलं. बाबा म्हणतात, माती सुकली की सरकते.

गेल्या आठवड्यात ते वर पोहोचलं. माझ्या खोलीच्या दाराबाहेर.

आणि परवा संध्याकाळी, मी अभ्यास करत असताना...

थप... थप... थप...

सावकाश. अगदी सभ्यपणे. दार लोटलेलंच होतं, ढकललं असतं तर उघडलं असतं. पण कोणी ढकललं नाही. कोणीतरी नुसतं थांबून होतं.

माझ्या तोंडात शब्द आला होता. आईसारखाच, विचार न करता. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. मी, जिला दोन मिनिटं गप्प बसता येत नाही.

काल परत थाप आली. आजही, हे लिहिता लिहिता.

अजून तरी मी काही बोललेली नाही.